विशेषणाची हद्द

खरेदीखतात ‘बागायती जमीन व विहिरीलगतचा तुकडा’ असे लिहिले, तर तो तुकडाही बागायतीच धरायचा काय? एका विशेषणाची हद्द संदिग्ध राहिली की सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात.

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. तेथील प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. शब्दाचा अंमल कुठवर, याचा काथ्याकूट मीमांसकांनी शतकानुशतके केला. सोमयागात ‘पेला पुसावा’ असे वचन आहे. मग एकच पेला पुसायचा? नव्हे, तिथले एकवचन विवक्षित नाही, सगळेच पेले पुसावेत, असा त्यांचा निर्णय.

पाणिनीने तर हद्दी आखूनच दिल्या. ‘प्रत्यय’ हा अधिकार तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापासून पाचव्याच्या अखेरपर्यंत चालतो. त्याच्या पोटात ‘धातू’चा अधिकार, तो तिसऱ्या अध्यायाअखेर संपतो. त्याच्याही पोटात भूतकाळाचा. वर्तमानकाळ आला की तो थांबतो. वाड्यात चौक, चौकात खोली, तसे हे. बाहेरचे आत लागू. आतले बाहेर नाही.

आता गंमत पाहा. संगणकाला हुकूम देण्याच्या भाषांतही हाच पेच आला. 1960 च्या अल्गोल भाषेत एका कार्याच्या पोटात दुसरे कार्य लिहिता येई. 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत ती सोय ठेवली नाही. ‘ही वस्तू बदलू नये’ असे बजावणारे विशेषण 1989 च्या अमेरिकन प्रमाणात सीला मिळाले. वॉल्टर ब्राइट यांच्या डी भाषेत (2001) पुढे दोन्ही गोष्टी एकत्र नांदू लागल्या. तीत ‘इनआउट’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ, वस्तू ज्या विशेषणाने आत आली त्याच विशेषणाने बाहेर जावी. पण पोटातल्या कार्यातही तोच शब्द आला, तर तो कुणाचा? बाहेरच्याचा की त्याचा स्वतःचा? शब्द एकच; दोन विशेषणांना वेगळी नावे देण्याची सोय त्यात नाही. मर्यादा आहे ती इथे.

यंत्र अडले तर कारागीर दुरुस्त करतो. खरेदीखत अडले तर पिढी खर्ची पडते. म्हणून गुरुजींनो, व्याकरणाच्या तासाला ‘विशेषण ओळखा’ एवढ्यावर थांबू नका. ‘ते कुठवर लागू?’ हेही विचारा. आणि शेतकरी बंधूंनो, कागदावर विशेषण दोनदा लिहायला लाजू नका. शाई थोडी जाईल, जमीन राहील.