नाणेफेक करणाऱ्या कारकुनाची कुळकथा

केळव्यातल्या वाडीचा सातबारा आता डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतो; राज्यात ही सोय 1 मे 2018 पासून आहे. डिजिटल सही अख्ख्या दस्तावर नव्हे, तर हॅश फलनाने काढलेल्या त्याच्या छोट्या ठशावर होते. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तिसऱ्या कलमात हॅशची व्याख्याच दिली आहे: ठशावरून मूळ दस्त उभा करणे आणि एकाच ठशाचे दोन दस्त सापडणे, दोन्ही गणकाच्या आवाक्याबाहेर हवे. पण तारण घेणाऱ्या बँकेला हवी असते ती सही बनावट नसल्याची हमी, आणि ती या दोन अटींतून सिद्ध होत नाही.

1986 मध्ये अमोस फियाट आणि आदी शमीर यांनी सहीची एक नवी रीत काढली, तेव्हा सिद्धतेपुरते हॅशला पूर्णपणे यादृच्छिक मानले. 1993 मध्ये मिहिर बेलारे आणि फिलिप रोगवे यांनी या गृहीतकाची रीतसर पद्धत बांधली. त्यांचा आदर्श हॅश म्हणजे खिडकीत बसलेला एक कारकून. नवा दस्त आला की तो, समजा, 256 वेळा नाणे उडवतो, निघालेला ठसा वहीत नोंदवतो आणि सांगतो. तोच दस्त पुन्हा आला तर वहीतलाच ठसा देतो. ठसा हवा असेल तर बनावट सही करणाऱ्यालाही याच खिडकीवर यावे लागते.

सिद्धतेचे सारे बळ या सक्तीत आहे. सिद्धता मांडणारा स्वतःच कारकुनाच्या जागी बसतो आणि एका उत्तरात आरएसए या सहीच्या रीतीमागचे न सुटलेले गणित सरकवतो. ते उत्तर यादृच्छिकच दिसते, म्हणून समोरच्याला शंका येत नाही. त्याने त्या ठशावर बनावट सही केली, की आरएसएचे कोडे त्यानेच सोडवून दिलेले असते. मला ही आधुनिक गणितातली फार देखणी चाल वाटते.

खरा हॅश मात्र कारकून नसतो. तो कुणालाही वाचता येणारा छोटा प्रोग्रॅम असतो. एसएचए-256 चेच घ्या: दस्त न पाहता, केवळ त्याचा ठसा आणि लांबी यांवरून पुढे मजकूर जोडलेल्या दस्ताचा ठसा काढता येतो. कारकुनाच्या खिडकीवर हे कधीच घडले नसते. 1998 मध्ये रान कानेटी, ओडेड गोल्डराइख आणि शाई हलेवी यांनी त्याहून मोठा धक्का दिला. कारकुनासमोर निर्धोक ठरणारी, पण कोणताही खरा हॅश वापरला तरी मोडणारी सहीची रीत त्यांनी मुद्दाम घडवून दाखवली. तेव्हा या पद्धतीवर विसंबावे की नाही? यावर तिघांचे एकमत झाले नाही, आणि त्यांनी एकाच निबंधात आपापले निष्कर्ष वेगवेगळे लिहिले.