नांगर सोडून दंड

बंडखोर सरदारांच्या दबावाखाली इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५ साली मॅग्ना कार्टा या सनदेवर मोहोर उठवली. कायदेशीर निवाड्याविना कोणाला कैद करता येणार नाही आणि न्याय विकला जाणार नाही, असे सांगणारी तिची ३९वे आणि ४०वे ही कलमे जगभर गाजली. सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याला मात्र २०वे कलम अधिक जवळचे होते. दंड गुन्ह्याच्या मानाने असावा. स्वतंत्र माणसाची उपजीविका, व्यापाऱ्याचा माल आणि बांधील कुळाची औतकाठी त्यातून वगळावी. आणि रक्कम त्या परिसरातल्या सचोटीच्या माणसांनी शपथेवर ठरवावी, असे ते सांगते. शिक्षा भोगलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पोट भरता आले पाहिजे, हा विचार दंडाच्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे मांडणे, ही मध्ययुगीन इंग्लंडची खरी कमाई आहे.

या कलमाची गरज का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इ.स. ६००च्या सुमारास केंटचा राजा एथेलबर्ट याने केलेल्या कायद्यात प्रत्येक इजेची किंमत ठरलेली होती. कोणाचा अंगठा तोडला तर २० शिलिंग भरावे लागत. पुढे वेसेक्समध्ये साध्या शेतकऱ्याच्या जिवाची भरपाई २०० शिलिंग होती, तर सरदाराच्या जिवाची १,२००. ही विषमता उघडीनागडी होती. पण आकडा आधीपासून ठाऊक असे आणि भरपाई पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना मिळे. पुढे इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजांच्या काळात दुसरीच पद्धत रुजली. चुकलेला माणूस ‘राजाच्या दयेवर’ सोपवला जाई आणि त्याने किती भरायचे, हे राजाचे अधिकारी ठरवत. पैसा राजाच्या खजिन्यात जाई. दावा हरला, न्यायालयात हजर राहिला नाही, चोरामागे आरडाओरड करून धावला नाही, अशा कारणांवरूनही दंड होई. अर्धा मार्क, म्हणजे ६ शिलिंग ८ पेनी, ही फिरत्या न्यायाधीशांपुढची नेहमीची रक्कम. दिवसाला दोनेक पेनी मिळवणाऱ्या मजुराची ती चाळीसेक दिवसांची कमाई होती. मारेकरी सापडला नाही आणि मृत माणूस इंग्रज असल्याचे सिद्ध झाले नाही, तर दंड साऱ्या परगण्यावर बसे. नॉर्मनांच्या रक्षणासाठी आणलेली ही तरतूद १३४० पर्यंत टिकली. १२३३ साली फिरते न्यायाधीश येणार म्हणताच कॉर्नवॉलचे लोक रानात पळाले, यात नवल नाही.

अशा वेळी २०व्या कलमाने रक्कम ठरवण्याचे काम शेजाऱ्यांच्या शपथेवर सोपवले, ही मोठी गोष्ट होती. जमीनदारांच्या गावन्यायालयांतही अशीच रीत दिसते. तिथे गावातल्याच दोघाचौघा शपथबद्ध माणसांकडे दंडाची आकारणी असे. कोणाच्या गोठ्यात किती गुरे आहेत आणि कोणाचे पीक बुडाले, हे त्यांना माहीत असे. म्हणून त्या दप्तरांत २, ३ किंवा ६ पेनींचे दंड वारंवार आढळतात आणि ‘गरीब म्हणून माफ’ अशा नोंदीही सापडतात.

यावर पहिला आक्षेप असा, की या साऱ्याच्या मुळाशी महसूल होता. तो बराचसा खरा आहे. घरी एल ही बीअर बनवून विकणाऱ्या बायकांना न्यायालयाच्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत किरकोळ दंड होई आणि त्या आपला धंदा चालू ठेवत. नावाला तो दंड, पण व्यवहारात परवाना शुल्क. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कुळाचा नांगर म्हणजे जमीनदाराचेच उत्पन्न. तेव्हा या कलमात कुळाची कणव नसून सरदारांची मालमत्ता राजापासून वाचवण्याची धडपड होती. १२१७च्या सुधारित सनदेत हे संरक्षण राजाच्या स्वतःच्या कुळांना लागू नाही, असा फरक केला गेला आणि हा हेतू उघड झाला. तरी त्याच फरकातून आणखी एक गोष्ट कळते. कलम पोकळ असते, तर राजपक्षाला त्यातून स्वतःची कुळे वगळण्याची गरजच पडली नसती. शिवाय स्वतंत्र माणसाची उपजीविका आणि व्यापाऱ्याचा माल यांना दिलेले संरक्षण जमीनदाराच्या स्वार्थातून पुरते उलगडत नाही. हेतू स्वार्थी असला, तरी एकदा लिहिला गेलेला नियम इतरांच्याही कामी येतो.

तत्त्व सुटले की काय होते, तेही याच इतिहासात आहे. १३४८-४९च्या प्लेगनंतर मजूर दुर्मिळ झाले आणि मजुरी वाढली. १३५१च्या कायद्याने ती जुन्या दरावर बांधली आणि जास्त घेणाऱ्यांकडून दंड उकळला. काही वर्षे ती रक्कम गावोगावच्या करात वळती केली गेली. हे खटले चालवणारे बहुतेक स्वतः जमीनदार, म्हणजे मजुरी देणारेच होते. पुढे १३८१च्या उठावात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी गावन्यायालयांची दप्तरे जाळली. ज्याला दंडातून फायदा होतो त्याच्याच हाती आकारणी दिली, की लोकांचा न्यायावरचा विश्वास उडतो.

अवाजवी दंड नको, हा नियम १६८९च्या इंग्लंडमधील हक्कांच्या जाहीरनाम्यात आला आणि १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत गेला. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ६३व्या कलमाने सांगितले, की रकमेची मर्यादा दिलेली नसली तरी दंड अवाजवी नसावा. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या ८व्या कलमात तो नियम कायम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गरजेपुरती गुरे आणि बियाणे यांना जप्तीतून वगळते. या तरतुदींमागचा प्रश्न एकच आहे: रक्कम भरल्यावर या माणसाकडे जगण्याचे साधन उरेल का? दंड वाढवणारा प्रत्येक नवा कायदा आपण आधी याच प्रश्नावर तपासला पाहिजे.