बोरूचा काप आणि स्टेशनची पाटी

'डोंबिवली' हे नाव सपाट ब्रशने लिहायला घ्या आणि 'डों'वरच्या अनुस्वाराशी थांबा. गोल टिंब हवं असेल तर ब्रश फिरवत बसावं लागतं. तोच ब्रश तिरका टेकवून जरासा ओढला की एका फटक्यात शंकरपाळ्यासारखं टोकदार टिंब उमटतं. मुंबईच्या लोकलमार्गावरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांतली अक्षरं अशी कोनदार, धारदार झाली ती हत्यारामुळे. आणि या धारेचं कूळ रेल्वेपेक्षा कितीतरी जुनं आहे.

ते कूळ बोरूचं. बोरू नुसता तासून भागत नाही, त्याच्या टोकाला तिरका काप द्यावा लागतो. देवनागरीसाठी हा काप रोमनच्या उलट बाजूला झुकतो. म्हणून आपल्या अक्षरात उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड पडते आणि डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. रोमनमध्ये नेमकं उलटं. दंड संपतो तिथेही टोक आडवं कापलं जात नाही, कापाच्या तिरपेनेच तुटतं. कल्पसूत्राच्या १५०३ सालच्या जैन हस्तलिखितात हे बोरूचं वळण टिकून आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने त्यावरूनच 'जैनी' हा फाँट केला.

छपाई आली तेव्हा ही धार शिशात उतरवायची होती. ते काम ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या जावजी दादाजींचं घराणं मूळचं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगावचं. दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले. पुढे १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतायचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या खिळ्यांचे ठसे राणोजी रावजी आरूंनी कोरले. पोलादावर कोरताना हातात बोरू नसतो, तरी त्या टाइपात बोरूचं जाड-बारीक शाबूत राहिलं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत पोचली. रेल्वेने अक्षराकडून नवीच मागणी केली: चालत्या गाडीतून, गर्दीच्या खांद्यावरून वाचता आलं पाहिजे. पाटी रंगवणारा पेंटर दोरीला खडू लावून वरची-खालची रेघ मारतो, खडूनेच अक्षराचा सांगाडा आखतो आणि मग एनॅमल रंगात ब्रश बुडवतो. सपाट ब्रश म्हणजे रुंद झालेला बोरूच. 'कल्याण'मधल्या 'क'ची शेपटी त्याच तिरपेने संपते. अवघड जातो तो 'ठाणे'मधला 'ठ'. तो जन्माने गोल, त्याला कोन फार दिले तर चौकट होते. मग पेंटर पोट गोलच ठेवतो आणि जाड-बारकाच्या सांध्यावर धार देतो.

टोकदार देवनागरी फाँट करणाऱ्याची खरी परीक्षाही इथेच असते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या फटीवर आणि एखाद्या गाठीवर उभा असतो. सगळं पट्टीने सरळ केलं की ती फट बुजते, गाठ चपटी होते आणि वाचणारा अडखळतो. रोमनचे कोन उचलून आपल्या अक्षरांना डकवणारे फाँट मला म्हणूनच पटत नाहीत. त्यांत धार असते, पण ती भलत्या दिशेची.

संगणक आल्यावर डीटीपीवाल्यांच्या हाती सी-डॅकचे 'योगेश' आणि 'सुरेख' आले, विंडोजबरोबर र. कृ. जोशींचा 'मंगल' आला. 'मंगल' पडद्यावर लहान आकारात वाचण्यासाठी घडवलेला. पण व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरला त्याची तमा नव्हती, हाताशी असेल तो फाँट हातभर मोठा करून पाटीवर चिकटू लागला. मराठी ओळीतही हिंदी वळणाचा 'ल' दिसायला लागला. 'डोंबिवली'च्या मराठी ओळीत तो मला आजही खुपतो.

मग कॅथरिन ली श्मिट या रचनाकर्तीने लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' हा ठळक, मोठ्या अक्षरांचा फाँट घडवला. त्यातली तिची एक निवड मला फार मोठी वाटते. भारतीय लिपीचे फाँट करताना बहुतेक वेळा रोमन आधी ठरतं आणि देवनागरीला त्याच्या मापात बसवतात. तिने देवनागरी आधी मानली आणि रोमन अक्षरांना तिची तिरीप दिली, त्यामुळे इंग्रजीतलं 'ठाणे'सुद्धा बोरूच्या कापाने लिहिल्यासारखं दिसतं. हा फाँट कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. पण त्याचं वजन एकच, ठळक. मोठ्या नावाखाली बारीक मजकूर लिहायचा तर त्याच वळणाचं हलकं भावंड लागेल, आणि ते करायला बसणाऱ्याने आधी एखाद्या जुन्या पेंटरच्या शेजारी बसून त्याचा ब्रश किती तिरका टेकतो ते पाहून घ्यावं.