विंचूदंश, वेगवान हृदय आणि महाडची उपचारपरंपरा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यात वसलेल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सवपासून घाटाखालच्या वाड्यांपर्यंत, लाल विंचवाचा दंश हा शेतकरी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेला धोका होता. भाताची उडवी, सरपणाची मोळी, दगडी बांध, कौलांखालची फट अशा जागी हा विंचू दडून बसतो आणि पेंढा उचलणारा हात किंवा अनवाणी पाय जवळ आला की नांगी मारतो. दंशानंतर आधी मांत्रिक किंवा झाडपाल्याचा जाणकार गाठण्याची रीत असल्याने दवाखान्यात पोहोचायला उशीर होई, आणि या उशिराची किंमत मुख्यतः हृदयाला मोजावी लागे.

या विषातील घटक मज्जातंतूंच्या पेशींवरील सोडियम आणि पोटॅशियम यांच्या वाटांवर परिणाम करतात, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे माणसाच्या इच्छेविना हृदय, रक्तवाहिन्या आणि ग्रंथी चालवणारी यंत्रणा, एकदम उसळते. सुरुवातीला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, लाळ गळते आणि नाडी मंदावते. त्यानंतर रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय वेगाने धावू लागते आणि थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबून फुप्फुसांत पाणी भरते, ज्याला फुप्फुसशोफ म्हणतात. विंचूदंशानंतरच्या फुप्फुसशोफाची नोंद पी. एम. मुंडले यांनी 1961 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली होती, मात्र त्यावर खात्रीचा उपाय हाती नव्हता आणि फुप्फुसशोफ झालेल्यांपैकी सुमारे 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि त्यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या नाडीच्या, रक्तदाबाच्या आणि लक्षणांच्या क्रमाच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. हृदयावरील संकटाची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी घाम, लाळ आणि मंद नाडी पाहून अ‍ॅट्रोपिन देण्याची प्रथा होती. परंतु हे औषध हृदयाला आवरणाऱ्या मज्जातंतूचा लगाम सैल करते, त्यामुळे पुढे येणाऱ्या वेगवान अवस्थेत ते अपायकारक ठरते, हे या निरीक्षणांतून पुढे आले. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सोडियम नायट्रोप्रुसाइडचा गुण येई, पण त्याची धार थेंबाथेंबाने, रक्तदाबावर अखंड नजर ठेवून द्यावी लागत असल्याने खेड्यातील आरोग्य केंद्राला ते झेपणारे नव्हते.

त्यातून प्राझोसिन हे औषध पुढे आले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही स्वस्त गोळी रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक, म्हणजे अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा संदेश पेशीपर्यंत पोहोचवणारी केंद्रे, अडवते, आणि त्यामुळे हृदयावरचा ताण मुळापाशीच उतरतो. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकत असल्याने रुग्णाला आडवे ठेवून, शरीराच्या वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम या हिशेबाने गोळी द्यायची आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत काही तासांच्या अंतराने ती पुन्हा द्यायची, ही पद्धत रूढ झाली. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर उतरले.

त्याआधीपासूनच वेगवान हृदयावर जगात दुसरी वाट घडत होती. हृदयाला विजेचे कृत्रिम स्पंद देऊन त्याची घातक घाई शमवता येते, हे सोटन, लीथम आणि कार्सन या संशोधकांनी 1964 मध्ये मांडले, आणि 1980 मध्ये बाल्टिमोरमध्ये मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून शरीरात बसवता येणारे, झटका देऊन हृदयाचा ठोका सुधारणारे यंत्र रुग्णाला बसवले गेले. जखमेच्या वणाभोवती विद्युतप्रवाह गोल फिरत राहिल्याने जेव्हा हृदय धावते, तेव्हा त्या फेऱ्याहून किंचित वेगवान स्पंदांची छोटी मालिका सोडून फेरा बंद पाडता येतो, आणि पुष्कळदा वेदनादायक झटक्याची गरजच उरत नाही. विंचूदंशात मात्र बहुतेक वेळा असा बंद फेरा नसतो, तर विषाने चेतवलेली मज्जासंस्था हृदयाला हाकत असते. म्हणून तेथे स्पंदांनी वेग अडवण्यापेक्षा हाकणारी शक्ती थोपवणे हाच योग्य उपचार ठरतो.

2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, महाडला 70 रुग्णांवर झालेल्या चाचणीत केवळ प्राझोसिन घेणाऱ्यांना बरे होण्यास सरासरी 17.7 तास लागले, तर प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष मिळालेले रुग्ण सरासरी 8 तासांत बरे झाले. 2022 मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या सन्मानाहून मोलाचा आहे तो या अर्धशतकाने घालून दिलेला नियम: नाडी किती धावते हे मोजल्यावर ती का धावते याचा छडा लावलाच पाहिजे, कारण वेग एकच दिसला तरी त्याची कारणे निराळी असतात आणि उपचार कारणावरच ठरतो.