तोटा कुणाचा? गच्चीवरच्या सात जणींची गोष्ट

कामं आवरली असतील, नसतील तर हात चालू ठेवूनच ऐका. आजची गोष्ट हात चालू ठेवणाऱ्या बायकांचीच आहे.

आधी आमच्याकडचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाने तालुक्याच्या दुकानदाराला उडदाचे पापड दिले. पहिला माल छान गेला. दुसऱ्या वेळी वळवाचा पाऊस आला, काही जणींचे पापड नीट वाळले नाहीत आणि सगळा माल परत आला. बैठकीत एकच सूर, "ते माझे नव्हते." शेवटी अध्यक्षताईंनी स्वतःच्या पैशातून तोटा भरला आणि बैठकीला यायचं सोडलं. गट कागदावर राहिला. पंचसूत्री आम्हा सगळ्यांना पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पण तोटा आला तर तो कुणाचा, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

म्हणून आम्ही मागे वळून बघितलं. पापड लाटणाऱ्या बायकांनी हा प्रश्न आधी कसा सोडवला?

१५ मार्च १९५९. मुंबईतल्या गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तिथल्या एका गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. गुजराती घरातल्या, फार शिकलेल्या नाहीत, हातात कला एकच, स्वयंपाकाची. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांचं नाव आपण ऐकलं असेल, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने. छगनलाल करमसी पारेख नावाच्या समाजसेवकांनी ते दिले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती विकायला दिली. हेच पुढे लिज्जत पापड झालं.

आता ऐका, पहिल्याच वर्षी काय झालं. पाऊस आला! गच्चीवर ऊन नाही, पापड वाळेनात. चार महिने काम बंद. आपल्यासारखंच संकट. पण पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम थांबलं नाही. पाऊस पडला म्हणून एकमेकींना दोष देण्यापेक्षा पावसावर तोड काढली. आमच्या गटाने मात्र त्या दिवशी उलट केलं. "पुन्हा पाऊस आला तर काय करायचं" हे कुणी विचारलं नाही, "ओले पापड कुणाचे" एवढंच विचारलं.

दुसरी गोष्ट मालाची. सुरुवातीला त्यांचा विचार होता दोन प्रतीचे पापड करायचे, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. शिवाय हिशोब चोख ठेवा आणि धंदा धंद्यासारखा करा. बायकांनी ठरवलं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपयांची. तुटलेले पापड विकले नाहीत, शेजारीपाजारी वाटले.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मालकीण कोण? तिथे पापड लाटणारी प्रत्येक बाई सभासद आणि प्रत्येक सभासद मालकीण. सगळ्या एकमेकींना बेन म्हणतात, म्हणजे बहीण. अध्यक्ष झाली तरी ती बेनच. गाडी चालवणारे, दुकानात बसणारे पुरुष कामाला आहेत, पण ते पगारी. त्यांना सभासदत्व नाही. कारभार २१ जणींची समिती बघते आणि निर्णय शक्यतो एकमताने होतो. शाखेचा नफा असो की तोटा, तो त्या शाखेतल्या बहिणींनी वाटून घ्यायचा. तोट्याचा बोजा एकट्या अध्यक्षेवर पडत नाही.

बहीण म्हटलं म्हणून तपासणी सुटत नाही बरं का. पीठ घरोघरी नाही, शाखेतच मळलं जातं, म्हणजे चव सारखी राहते. सकाळी प्रत्येकीने मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथे माल बघतात, वजन करतात, मग लाटण्याची मजुरी हातावर. तिला वणाई म्हणतात. कुणाचा माल कसा आहे हे रोज तिथल्या तिथे कळतं. मग महिन्याने बैठकीत "माझे नव्हते" म्हणायची वेळच येत नाही.

त्यांचंही सगळं सरळ झालं असं नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी पुढच्या वर्षी स्पर्धा घेऊन नाव शोधलं. लिज्जत हे नाव सुचवणाऱ्या बेनला पाच रुपये बक्षीस मिळालं. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली. १९६८ साली गुजरातेत वालोडला शाखा निघाली. आज देशभर शाखा आहेत आणि हजारो बायका त्यात आहेत.

कुणी म्हणेल, ती मोठी संस्था, आपण दहा-बारा जणी. अहो, त्या तर सातच होत्या!

ही गोष्ट आम्ही त्या गटात सांगितली, तीही अध्यक्षताईंच्या ओट्यावर बसून. आधी कुणी बोलेना. मग एक आजी म्हणाल्या, "पापड सगळ्यांचे, तर पैसे हिच्या एकटीचे का गेले?" त्याच दिवशी ठरलं की तोट्याची रक्कम सगळ्यांत वाटायची आणि ताईंना चार हप्त्यांत परत द्यायची. दोघी कुरकुरल्या, एकीने गट सोडला. पण ताई पुढच्या बैठकीला आल्या. अध्यक्षपद मात्र त्यांनी दुसरीकडे दिलं. म्हणाल्या, "आता मी नुसती लाटते." आम्हाला वाटतं, तेही बरंच झालं. पद फिरलं की ओझंही फिरतं.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा आणि ठराव वहीत लिहा. माल बाहेर जाण्याआधी कोण तपासणार? नफा कसा वाटणार? आणि तोटा आला तर तो कसा वाटणार? तिसरा प्रश्न टाळू नका, आणि तो सगळं नीट चाललेलं असतानाच विचारा. तोटा आल्यावर विचारला तर भांडण होतं.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.