आधारपेशी, मज्जासंस्थेतील

मेंदूत व मज्जातंतूंत स्वतः संदेश न वाहता, ते वाहणाऱ्या मज्जापेशींना आवरण घालणाऱ्या, पोसणाऱ्या आणि आपत्प्रसंगी त्यांची रसद तुटू न देणाऱ्या पेशींचा समूह. यूरोपीय भाषांत यांस ग्लिया म्हणतात. ही संज्ञा ज्या ग्रीक शब्दावरून आली त्याचा अर्थ सरस असा असून, रूडॉल्फ फिर्खो याने १८५६ मध्ये ती रूढ केली तेव्हा मज्जापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारी खळ, यापलीकडे या पेशींची योग्यता मानली जात नव्हती. कामिल्लो गॉल्जी याने मात्र त्यांच्या शाखा रक्तकेशिकांना भिडलेल्या पाहून पोषणाचे काम त्यांजकडे असावे, असा तर्क केला होता.

मेंदूतील ऊर्जाव्यवहार : मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु विश्रांतीच्या स्थितीत लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्चितो, आणि संकटकाळासाठी शिल्लक म्हणावी तर ग्लायकोजेनचा तुटपुंजा साठा, तोही मुख्यत्वे तारकापेशी या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींच्या कोठारात. ग्लुकोज तोडलेल्या दृक्-मज्जातंतूत संदेशवहन काही काळ टिकून राहते ते याच साठ्यावर, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. लुक पेलरँ व पिएर माजिस्त्रेती यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादिले की, मज्जापेशी उद्दीपित झाली असता तारकापेशी ग्लुकोजचे विघटन करून लॅक्टेट तिच्या हवाली करतात. तथापि मज्जापेशी ग्लुकोज थेट घेतात असेही पुरावे असल्याने या मताविषयी एकवाक्यता नाही. पक्षाघातानंतर तारकापेशी आपल्या तंतुकणिकाही मज्जापेशींना देतात, असे उंदरांवरील संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्राणवायूच्या खर्चासंबंधी सांगायचे तर, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापिलेल्या कैवल्यधामात हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांच्या श्वसनाचे मापन १९६० च्या दशकात झाले. या प्रयोगांचा दाखला मेंदूच्या काटकसरीसंबंधी कोणी दिल्यास तो जपून घ्यावा. तो सर्वांगाचा जमाखर्च आहे, पेशीवार फोड त्यातून निघत नाही.

सूक्ष्म आधारपेशी : मुख्यतः भक्षण व प्रतिकार.

श्वान पेशी व कुष्ठरोग : मेंदू व मज्जारज्जू यांबाहेरील मज्जातंतूंना श्वान पेशींचे वेष्टन असते. पाठीच्या कण्यापाशी निघून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या अक्षतंतूची (मज्जापेशीच्या लांब शाखेची) लांबी मीटरभर भरते. एवढ्या लांबीवर मूळ पेशीकडूनच सर्व पुरवठा होणे दुरापास्त असल्याने वाटेवरच्या शेजाऱ्यांचा आधार अपरिहार्य ठरतो. इजा झालेल्या अक्षतंतूभोवतीच्या श्वान पेशी ग्लुकोजचे विघटन वाढवून अक्षतंतूचा ऱ्हास लांबवितात, असे २०२० मध्ये उंदरांत आढळले.

महाराष्ट्रात या पेशीचा अभ्यास मुख्यतः कुष्ठरोगाच्या निमित्ताने झाला. कुष्ठजंतू शरीरातील थंड भागांत, त्वचेलगतच्या मज्जातंतूंत, श्वान पेशींच्याच आत ठाण मांडतो. रुग्णाच्या कोपराच्या आतल्या बाजूस बोट फिरविले असता तेथील मज्जातंतू सुतळीसारखा जाड लागतो. करंगळी व अनामिका आत वळू लागतात. तापल्या तव्याला हात लागला तरी कातडी पोळल्याची वर्दी मेंदूकडे पोहोचत नाही. शल्यविशारद नोशीर अंतिया (१९२२–२००७) व त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत मज्जातंतू काचपात्रात जगवून त्यांत कुष्ठजंतू सोडण्याचे जे प्रयोग १९८० च्या सुमारास केले, त्यांचे महत्त्व असे की, कृत्रिम पोषकद्रव्यावर न वाढणाऱ्या या जंतूचा श्वान पेशीशी होणारा संबंध त्यामुळे प्रत्यक्ष पाहता आला. पुढे २०१६ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांस असे आढळले की, जंतुग्रस्त श्वान पेशी ग्लुकोज अधिक घेते, परंतु लॅक्टेट कमी निर्माण करते. कोठारात आवक वाढूनही अक्षतंतूच्या वाट्याचा शिधा घटावा, अशी ही अवस्था होय. मज्जातंतूच्या नाशात या उपासमारीचा वाटा किती आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारप्रक्षोभाचा किती, हे वादग्रस्त आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्याकडे आजवर दुर्लक्ष झाले.

कुष्ठरोगावरील उपचार : डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफॅझिमिन यांच्या संयुक्त योजनेची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. तिने जंतू मरतात. वळलेली बोटे सरळ करण्यासाठी शाबूत स्नायूची कंडरा वळवून जोडतात. स्पर्शज्ञान मात्र त्या शस्त्रक्रियेने परत येत नाही.