हाडं खाणारं, हाडं बांधणारं

मागच्या शनिवारी आईचा बोन डेन्सिटीचा रिपोर्ट आला. टी-स्कोर उणे ३.४. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड लिहून दिलं, रोज पोटावर एक छोटंसं इंजेक्शन. सवयीप्रमाणे रात्री गूगल उघडलं आणि दचकलोच. हे औषध म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनचा एक तुकडा, आणि ते हार्मोन तर हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात सोडतं! आता आईला काय सांगायचं? सगळा रविवार मग ह्याच इतिहासात गेला.

चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाजावरचा कप्तान होता. त्याच्या शरीरात हे हार्मोन सतत, नको इतकं तयार व्हायचं. हाडं मोडत गेली, उंची सात इंचांनी घटली. ह्या सगळ्याला कारणीभूत असलेली गाठ १९३२ मध्ये बॉस्टनला, सातव्या ऑपरेशनमध्ये, छातीत सापडली. पण फार उशीर झाला होता. काही आठवड्यांतच तो गेला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी हान्स सेलीने (हाच पुढे स्ट्रेसवरच्या संशोधनामुळे गाजला) उंदरांना ह्याच ग्रंथीचा अर्क थोडा थोडा दिला, तर चक्क नवीन हाड तयार झालं!

म्हणजे हार्मोन तेच, फरक फक्त वेळापत्रकाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर मार्टेलच्या शरीरात न थांबणारं लूप चालू होतं आणि इंजेक्शन म्हणजे दिवसातून एकदाच चालणारी क्रॉन जॉब. हार्मोन चढून काही तासांत उतरलं तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. ते सतत चढलेलंच राहिलं तर ह्याच पेशी हाड खाणाऱ्या पेशींना आवताण धाडतात.

हे औषधापर्यंत पोचायला सत्तर वर्षं लागली. मूळ साखळी ८४ अमिनो आम्लांची, पण पहिली ३४ पुरतात. १९९८ मध्ये उंदरांना हाडांचा कॅन्सर झालेला दिसला आणि माणसांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवली. तरी २००१ मध्ये छापून आलेले आकडे बोलके होते : १६३७ स्त्रिया, मणक्याचं नवीन फ्रॅक्चर औषधाविना १४ टक्के, २० मायक्रोग्रॅमच्या डोसवर ५ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण कॅन्सरच्या ठळक इशाऱ्यासकट. माणसांत तसा धोका वाढलेला दिसला नाही, म्हणून २०२० मध्ये तो इशारा काढला.

अर्थात कोर्स साधारण दोन वर्षांचाच. नंतर बांधलेलं टिकवायला दुसरं औषध लागतं, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रोज एकदाच, न चुकता. एवढंच ना?"

एवढंच. सकाळी आठचा अलार्म लावलाय.